२६, अलीपूर रोडचे कागद

दिल्लीतून डीएनडी पुलावरून यमुना ओलांडली की नोएडाच्या तोंडाशीच, नदीच्या काठाला, एक भलंमोठं दगडी प्रकरण दिसतं. मधोमध घुमट, भोवती फरसबंदी आणि सोंड उंचावलेले हत्ती. राष्ट्रीय दलित प्रेरणा स्थळ. जागा सुमारे ३३ हेक्टर, खर्च ६८५ कोटी रुपये. तेव्हाच्या मुख्यमंत्री मायावतींनी उद्घाटनाला दिवस निवडला १४ ऑक्टोबर २०११, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेचीच तारीख. शेजारी ओखला पक्षी अभयारण्य असल्यामुळे प्रकरण आधी सुप्रीम कोर्टात गेलं होतं, काम काही काळ बंदही पडलं होतं. पुढे विधानसभेची निवडणूक आली आणि जानेवारी २०१२ मध्ये, हत्ती हे त्यांच्या पक्षाचं चिन्ह म्हणून, निवडणूक आयोगाने सगळे हत्ती झाकून टाकायचा हुकूम काढला. प्लास्टिकच्या कापडात गुंडाळलेले ते हत्ती उघड्या हत्तींपेक्षा जास्त लोकांनी पाहिले असतील.

नोकरीसाठी नोएडात आलेल्या मराठी माणसाला हे गाव सुरुवातीला परकं वाटतं. सेक्टरांचे आकडे, काचेच्या इमारती, हिंदी-पंजाबी बोलणं. पण वीजबिलावर जिल्हा म्हणून ‘गौतम बुद्ध नगर’ छापून येतं आणि या बागेत फुले, शाहू, आंबेडकर ही घरातली नावं दगडात भेटतात. उत्तर प्रदेशात ती एवढी मोठी कशी झाली, याचा माग काढत गेलं तर माणूस पुण्याजवळच्या खडकीला पोहोचतो.

साठच्या दशकात तिथल्या स्फोटकांच्या सरकारी प्रयोगशाळेत कांशीराम नावाचा पंजाबी तरुण नोकरीला होता. सुट्ट्यांच्या यादीतून आंबेडकर जयंती आणि बुद्ध जयंती गाळल्या गेल्या. दीनाभाना या चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याने त्याविरुद्ध आवाज उठवला आणि निलंबन ओढवून घेतलं. कांशीराम त्याच्या बाजूने उभे राहिले. त्यांचे नागपूरकडचे सहकारी डी. के. खापर्डे यांनी त्यांच्या हातात एक पुस्तिका ठेवली, ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’. पुढे नोकरी सुटली, ६ डिसेंबर १९७८ ला बामसेफ ही कर्मचाऱ्यांची संघटना उभी राहिली, मग पक्ष, मग सत्ता, मग हे दगड. नोएडाच्या त्या घुमटाच्या पायाशी एक बारीकशी पुस्तिका पुरलेली आहे असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

तीही मुळात न झालेल्या भाषणाची. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने १९३६ मध्ये बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, छापील भाषण पाहिल्यावर घाबरून अधिवेशनच रद्द केलं. बाबासाहेबांनी स्वतःच्या पैशाने दीड हजार प्रती काढल्या. दोन महिन्यांत संपल्या. किंमत आठ आणे होती, आणि गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये परीक्षण लिहिताना ती दोन, निदान चार आण्यांवर आणायला हवी होती असा शेरा मारला. अस्पृश्यांच्या नेत्याने पुस्तक महाग विकू नये, ही काळजी ठीकच. पण तो छपाईचं बिल कुठून भरतो, याची चौकशी कोणी केल्याचं दिसत नाही.

हे छपाईचं बिल बाबासाहेबांच्या आयुष्यात शेवटपर्यंत पाठीशी राहिलं. १४ सप्टेंबर १९५६ ला त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिलं. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ छापायला सुमारे वीस हजार रुपये लागणार होते, ते त्यांच्या कुवतीबाहेर होते. बुद्धाच्या अडीच हजाराव्या जयंतीचं वर्ष होतं. सरकारने ग्रंथालयांसाठी आणि परदेशी विद्वान पाहुण्यांसाठी पाचशे प्रती विकत घ्याव्यात, एवढंच मागणं. दुसऱ्याच दिवशी नेहरूंचं उत्तर आलं: या कामासाठी ठेवलेली रक्कम संपली आहे, पत्र समितीचे अध्यक्ष राधाकृष्णन यांच्याकडे पाठवतो, जयंतीच्या गर्दीत पुस्तक विक्रीला ठेवता येईल. उत्तर सभ्य होतं. माजी कायदामंत्र्याला गर्दीत पुस्तक विकायला सुचवणारं होतं, एवढंच.

त्या वेळी बाबासाहेब दिल्लीत २६, अलीपूर रोडवर राहत होते. १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळ सोडलं तेव्हा सरकारी बंगला सोडावा लागला आणि सिरोहीच्या महाराजांची ही कोठी भाड्याने घेतली. तिथे रोज संध्याकाळी नानकचंद रत्तू नावाचे एक गृहस्थ येत. होशियारपूर जिल्ह्यातल्या सकरुली गावचे, पोटापाण्यासाठी दिल्लीत आलेले, सरकारी कचेरीत नोकरीला. दिवसभर सरकारची टंकलेखनी बडवायची आणि संध्याकाळी बाबासाहेबांची. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही ते तिथेच होते. ‘बुद्ध अँड हिज धम्म’ची प्रस्तावना आणि आणखी काही टंकलिखित पानं त्यांनी बाबासाहेबांच्या उशाशी ठेवली, बाबासाहेबांना ती रात्रीच पुन्हा नजरेखालून घालायची होती. रत्तू घरी गेले. सकाळी त्यांना बोलावणं आलं ते निर्वाणाचं.

आता त्या प्रस्तावनेचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे.

तिच्यात बाबासाहेबांनी लिहिलं होतं की हे पुस्तक पुरं होईपर्यंत आपण टिकलो याचं श्रेय पत्नीचं आणि डॉ. मालवणकरांचं. पत्नी म्हणजे डॉ. सविता, माहेरच्या शारदा कबीर, मुंबईच्या ग्रँट मेडिकलमधून झालेल्या डॉक्टर. जन्माने सारस्वत ब्राह्मण. १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत लग्न झालं. चळवळीतले लोक त्यांना माईसाहेब म्हणत, आणि बाबासाहेब गेल्यावर त्यातलेच कितीतरी त्यांच्याकडे संशयाने बघू लागले. ब्राह्मणबाईने घात केला, ही कुजबुज सभांमधून उघड बोलली जाऊ लागली. सरकारने चौकशी केली, मृत्यू नैसर्गिक ठरला, कुजबुज थांबली नाही. अशा हवेत १९५७ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तक काढलं आणि ती प्रस्तावना त्यात छापलीच नाही. लेखकाने शेवटच्या रात्री ज्या पानांवर हात ठेवला, तीच पानं त्याच्याच संस्थेने गाळली. दिल्लीतले आंबेडकरी लेखक भगवान दास यांनी १९८० मध्ये ती शोधून छापली तेव्हा कुठे वाचकांना माईंबद्दलचं ते वाक्य दिसलं. मधली तेवीस वर्षं पुस्तक प्रस्तावनेविना वाचलं गेलं, भाषांतरित झालं, विहाराविहारांतून पठण केलं गेलं.

पावसाने, वाळवीने, बेफिकिरीने पुढे जे कागद गेले त्याचा राग कोणावर काढायचा? पण ही कात्री माणसाने विचार करून चालवली होती. बाबासाहेबांच्या वारशाला झालेल्या इजांमध्ये तिचा नंबर बराच वर लागावा.

दुसऱ्या बाजूला भय्यासाहेब होते. यशवंतराव, रमाबाईंचं जगलेलं एकुलतं एक मूल. बाकीची चार भावंडं लहानपणीच गेली. वडील विलायतेत शिकत असताना हा मुलगा मुंबईच्या चाळीत वाढला, तेवीस वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा, १९३५ मध्ये, आई गेली. वडिलांशी त्याचं फार जमलं असं कोणी म्हणत नाही. पुढे छापखाना सांभाळला, ‘जनता’ आणि ‘प्रबुद्ध भारत’चं काम पाहिलं, बौद्ध महासभेचा कारभार घेतला. दादरला समुद्राकाठी चैत्यभूमी उभारायची तर पैसा हवा होता. सरकार काही देत नव्हतं. भय्यासाहेबांनी महूपासून मुंबईपर्यंत भीमज्योत काढली आणि गावोगावच्या वस्त्यांमधून निधी जमवला. ५ डिसेंबर १९७१ ला स्तूप खुला झाला. १९७७ मध्ये ते गेले. मोठ्या माणसाच्या मुलाला आपल्याकडे दोनच भूमिका मिळतात, गादीवर बसायची किंवा नालायक ठरायची. भय्यासाहेबांनी तिसरी घेतली, स्मारकासाठी वर्गणी गोळा करण्याची. त्यांच्यावर फारसं लिहिलं गेलं नाही, याला कदाचित हेच कारण असावं.

सावत्र आई आणि मुलगा यांच्यात मिळकतीवरून वाद झाला. तो कोर्टात गेला, आणि मिळकतीबरोबर कागदही. गंमत, म्हणजे गंमत म्हणवत नाही, अशी की हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ पासून अमलात आला होता. विधवेला आणि मुलीला मुलाच्या बरोबरीने वाटा देणारा. ज्या बिलापायी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं त्याचाच एक तुकडा. हा कायदा बौद्धांनाही लागू होता. सहा महिन्यांच्या आत त्याचा मूळ कर्ता गेला आणि पुढे त्याच्याच घराची वाटणी कोर्टाच्या दारात उभी राहिली. कायद्याने वाटा ठरतो. न छापलेल्या हस्तलिखिताचा अर्धा भाग कसा करायचा, हे कुठल्या कलमात आहे?

माईसाहेब २६, अलीपूर रोडवरच राहत होत्या. १९६६ मध्ये कोठी विकली गेली. जानेवारी १९६७ मध्ये, माई घरी नसताना, नव्या मालकाची माणसं कोर्टाच्या बेलिफासह आली आणि सामान बाहेर काढलं. रत्तूंनी हे सगळं पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवलं. ज्या खोलीत कागदपत्रं ठेवली होती ती मोकळी केली गेली, कागदांचे ढीग अंगणात पडले, आणि त्याच दिवसांत दिल्लीत हिवाळी पाऊस झाला. उत्तरेतला जानेवारीचा पाऊस काही मुंबईचा नव्हे, संथ पडतो, पण रात्रभर पडतो. पंचवीस-तीस वर्षांची टिपणं, पत्रं, मसुदे, कच्चे आराखडे त्यात भिजून लगदा झाले. त्यात नेमकं काय होतं याची यादी कोणाकडेच नव्हती, त्यामुळे काय गेलं हेही कधी मोजता येणार नाही.

आणि त्याच वर्षी, २ एप्रिल १९६७ ला, संसदेच्या आवारात बाबासाहेबांच्या साडेबारा फुटी ब्राँझ पुतळ्याचं राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते अनावरण झालं. शिल्पकार बी. व्ही. वाघ. हात पुढे, डाव्या काखेत संविधानाचं पुस्तक. अलीपूर रोड तिथून फार लांब नाही.

सगळेच कागद मात्र तिथे नव्हते. काही पेट्या आधीच कोर्टाच्या ताब्यात गेल्या होत्या, दिल्ली हायकोर्टाच्या कस्टोडियनकडून त्या पुढे महाराष्ट्राच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर जनरलकडे आल्या. म्हणजे घरच्यांच्या भांडणाने उरलेलं वाचवलं असं म्हणायची वेळ येते: वाद नसता तर त्याही पेट्या बहुधा त्या अंगणातच निघाल्या असत्या. नागपूरचे वकील जे. बी. बनसोड यांनी हायकोर्टात अर्ज केला की एकतर हे साहित्य मला छापू द्या, नाहीतर सरकारने छापावं. अर्ज वर्षानुवर्षं पडून होता.

मग वसंत मून आले. नागपूरच्या सीताबर्डीच्या महारवस्तीत वाढलेले, महसूल खात्यात चढत गेलेले, आंबेडकरांचं मिळेल ते कात्रण जपणारे. ‘वस्ती’ हे त्यांचं आत्मकथन ज्यांनी वाचलं आहे त्यांना या माणसाचा चिवटपणा ठाऊक आहे. १९७८ मध्ये राज्य सरकारने त्यांना विशेष कार्य अधिकारी नेमलं. १४ एप्रिल १९७९ ला शिक्षण विभागातर्फे ‘लेखन आणि भाषणे’चा पहिला खंड निघाला. त्यात आधी छापलेलंच साहित्य होतं. खरं काम पुढे होतं. पेट्या उघडायच्या तर कायदेशीर वारसांची संमती हवी, आणि वारस एकमेकांशी बोलत नव्हते. एका बाजूला माईसाहेब, दुसऱ्या बाजूला भय्यासाहेबांची मुलं, प्रकाश आणि इतर. मून दोन्ही घरांचे उंबरे झिजवत राहिले. काही वर्षांनी सह्या झाल्या.

तोवर हवाही थोडी बदलली होती. सत्तरच्या दशकात दलित पँथरची पोरं माईसाहेबांना शोधत दिल्लीला गेली आणि त्यांना पुन्हा मुंबईच्या व्यासपीठांवर घेऊन आली. ज्या लोकांच्या वडीलधाऱ्यांनी त्यांना वाळीत टाकलं होतं, त्यांच्याच मुलांनी त्यांना ‘माई’ म्हणून हाक मारली. १९९० मध्ये, कल्याणचे संग्राहक विजय सुरवाडे यांच्या मदतीने, त्यांनी ‘डॉ. आंबेडकरांच्या सहवासात’ लिहून आपली बाजू मांडली.

पेट्यांतून जे निघालं ते सुटं, अर्धवट, पानं गळालेलं होतं. ‘प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती’चा मोठा आराखडा आणि त्यातली काहीच प्रकरणं. ‘भारत आणि साम्यवाद’ची अनुक्रमणिका आणि पुढे थोडी पानं. एकाच प्रकरणाच्या दोन-दोन प्रती, वेगवेगळ्या दुरुस्त्यांसह. हे सगळं जुळवून तिसरा, चौथा, पाचवा असे खंड १९८७ पासून निघू लागले. पाचव्यात गावाबाहेरच्या वस्तीला बाबासाहेब युरोपातल्या ज्यूंच्या घेट्टोचं नाव देतात आणि गुलामी वाईट की अस्पृश्यता, असा प्रश्न थेट टाकून त्याचा हिशेब मांडतात. रोमन गुलामाला मालक निदान खायला घालतो, कारण तो त्याचा माल असतो. अस्पृश्याची ती जबाबदारीही कोणावर नसते. वकिली मांडणी आहे, आणि अंगावर काटा येतो तो तिच्यातल्या थंडपणामुळे.

पण अप्रकाशित कागदांतलं सगळ्यांत जिवंत लेखन अगदी थोड्या पानांचं आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० मध्ये पुस्तिका म्हणून काढलं, पुढे बाराव्या खंडात आलं. परदेशी वाचकाला अस्पृश्यता कशी समजावायची, या अडचणीतून सुचलेले प्रसंग. पहिला प्रसंग १९०१ चा. सातारला राहणारी मुलं उन्हाळ्याच्या सुटीत वडिलांकडे कोरेगावला निघतात. वडील तिथे दुष्काळी कामावर खजिनदार. नवे कोट, जरीच्या टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं. मसूर स्टेशनवर उतरतात तर न्यायला कोणी नाही, कारण पत्र पोहोचलेलंच नाही. पोरांचे कपडे पाहून स्टेशनमास्तर ती ब्राह्मणाची समजतो, आपुलकीने विचारपूस करतो. मुलगा सांगून टाकतो की आम्ही महार आहोत. मास्तरचा चेहरा पालटतो, तो आपल्या खोलीत निघून जातो. शेवटी एक गाडीवान तयार होतो तो दुप्पट भाड्यावर, आणि अट अशी की गाडी मुलांनीच हाकायची, तो बाजूने पायी चालणार. जेवणाचा डबा बरोबर आहे पण रस्त्यात प्यायला पाणी कोणी देत नाही, म्हणून ती भरल्या डब्यासह उपाशी झोपतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या नजरेतून सांगितलेली ही गोष्ट न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, जिथे ते स्वतः शिकले, वर्गात वाचली जाते. महाराष्ट्रातल्या शाळेत ती किती मुलांनी वाचली असेल, याचा अंदाज प्रत्येकाने आपापल्या शाळेवरून करावा.

चौथ्या खंडाने मात्र रान पेटवलं. ‘हिंदू धर्मातील कोडी’, आणि त्याला जोडलेलं राम-कृष्णावरचं परिशिष्ट. जानेवारी १९८८ मध्ये अमरावतीत मराठा महासंघाने खंडाच्या प्रती जाळल्या. शिवसेनेने मोर्चा काढला. सरकार परिशिष्ट काढून टाकायला निघालं. मग ५ फेब्रुवारीला मुंबईत दलितांचा जो मोर्चा निघाला तो पाहून सरकारने पुन्हा विचार केला. तडजोड निघाली ती खास सरकारी: परिशिष्ट राहील, खाली तळटीप येईल की यातल्या मतांशी शासन सहमत नाही. लेखकाला तीस वर्षांनी आपल्याच प्रकाशकाकडून असा शेरा मिळावा, हे बाबासाहेबांना बहुधा आवडलं असतं. ते स्वतः असल्या तळटिपांना उत्तर द्यायला उत्सुक असत.

अमेरिकेतल्या, दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाची गोष्ट आपण दूरची म्हणून वाचतो. बाबासाहेबांना ती जवळची वाटत होती. १९४६ च्या जुलैत त्यांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र पाठवलं. अमेरिकी निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाला अर्ज जाणार असल्याची बातमी त्यांनी वाचली होती. त्याच्या प्रती हव्या होत्या, कारण अस्पृश्यांसाठीही तसाच अर्ज करायचा विचार होता. ३१ जुलैला डुबॉईस यांचं उत्तर आलं, आपुलकीचं. त्याच वर्षी भारत सरकारने दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांवरच्या अन्यायाची तक्रार संयुक्त राष्ट्रसंघात नेली. डर्बनमधल्या भेदभावाची तक्रार न्यूयॉर्कला गेली, मसूर स्टेशनवरच्याची जायची होती आणि राहून गेली. पुढे १९९० मध्ये या दोन गोष्टी भारतरत्नाच्या यादीत एकत्र आल्या. त्या वर्षीच्या दोन नावांत एक भीमराव रामजी आंबेडकर आणि दुसरं नेल्सन मंडेला. बाबासाहेबांचं पदक १४ एप्रिलला राष्ट्रपती वेंकटरमण यांच्या हातून घेतलं ते माईसाहेबांनी.

त्या २००३ मध्ये मुंबईत वारल्या, रत्तू त्याआधीच्या वर्षी. रत्तूंनी जपलेल्या वस्तू, टंकलेखन यंत्र, कपडे, खुर्च्या, आज नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात आहेत. वामनराव गोडबोल्यांनी, ज्यांनी १९५६ च्या दीक्षेची व्यवस्था पाहिली होती, त्या तिथे आणवल्या. एका पंजाबी कारकुनाने वर्षानुवर्षं दिल्लीत सांभाळलेला माल शेवटी नागपूरच्या मातीत आला.

२६, अलीपूर रोडची जागा अखेर सरकारने परत मिळवली. १३ एप्रिल २०१८ ला तिथे राष्ट्रीय स्मारक खुलं झालं. इमारतीचा आकार उघड्या पुस्तकाचा, म्हणजे संविधानाचा. नोएडाहून मेट्रोने सिव्हिल लाइन्सला उतरून पाहून यावं अशी जागा आहे. आत ध्वनिचित्रं, आवाज, प्रकाश, सगळं नीटनेटकं. जानेवारी १९६७ ची गोष्ट माहीत असलेल्या माणसाला त्या काँक्रीटच्या पानांकडे बघताना जरा अवघडल्यासारखं होतं.

मुंबईत इंदू मिलच्या जागेवर साडेतीनशे फुटी पुतळा उभा राहायचा आहे. ६ डिसेंबर २०११ ला बाबासाहेबांचे नातू आनंदराज कार्यकर्त्यांसह मिलच्या आवारात शिरले आणि जागेचा प्रश्न सरकारच्या गळ्यात बांधून बसले. पुतळा घडवायचं काम गेलं राम सुतारांकडे, म्हणजे फिरून नोएडातच. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर गावात १९२५ मध्ये जन्मलेल्या या शिल्पकाराचं घर आणि कामाची जागा कित्येक दशकं इथलीच होती. जगभरातले गांधी आणि पटेल याच हाताने घडवले.

कागदाची बाजू तेवढी सुस्तच राहिली. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वर्तमानपत्रातल्या बातमीची स्वतःहून दखल घेतली. बातमी अशी: खंडांच्या नऊ लाख प्रती काढायचा सरकारी संकल्प झाला, त्यासाठी ५ कोटी ४५ लाखांचा कागद विकत घेतला गेला, आणि चार वर्षांत छापून झाल्या सुमारे तेहतीस हजार प्रती. बाकीचा कागद गोदामात. पहिल्या वेळी लिहिलेला कागद पावसात होता, या वेळी कोरा कागद छपराखाली होता, हीच काय ती प्रगती. मागणी नाही म्हणावं तर ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर, दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाऊन पाहावं. मराठवाड्यातून, विदर्भातून रेल्वेने आलेली बाई डोक्यावर पिशवी सांभाळत पुस्तकाच्या स्टॉलवर उभी असते. “अठरावा खंड आहे का? तिसरा भाग?” तिला नेमकं माहीत असतं. “संपला ताई, पुढच्या वर्षी बघा.” मग ती पंचशीलाचं पाच-दहा रुपयांचं पुस्तक घेते, बाबासाहेबांचा फोटो घेते आणि पुढच्या स्टॉलवर तेच विचारते.

छापखान्याचंही असंच. दादरच्या आंबेडकर भवनात ज्या इमारतीतल्या छपाईयंत्रांवर कधीकाळी ‘जनता’ निघत असे, ती इमारत २५ जून २०१६ ला पहाटेच्या अंधारात पाडली गेली. विश्वस्त म्हणाले मोडकळीला आली होती, प्रकाश आंबेडकर आणि त्यांचे भाऊ रस्त्यावर उतरले, प्रकरण पोलिसांत गेलं. आंबेडकर घराण्याचं नाव घेतलं की लोकांना राजकारण, पक्षाचे गट, निवडणुकीतली मतविभागणी एवढंच आठवतं. नातवांवर टीका करायला जागा आहेच, ती होतेही. पण या घराचे वाद तपासले तर त्यातले निम्मेअधिक एखाद्या छापखान्यावरून, एखाद्या हस्तलिखितावरून, एखाद्या गाळलेल्या पानावरून झालेले सापडतील. सत्तेच्या घराण्यांत असं सहसा होत नाही.

नात रमा यांचं लग्न आनंद तेलतुंबडे यांच्याशी झालं. व्यवसायाने व्यवस्थापनातले, वृत्तीने लेखक. खैरलांजीवरचं त्यांचं पुस्तक गाजलं, आणि आंबेडकरांच्या नावाने चालणाऱ्या भक्तीवर ते वर्षानुवर्षं कडक लिहीत आले. एल्गार परिषद प्रकरणात त्यांना एनआयएपुढे हजर व्हावं लागलं तो दिवस १४ एप्रिल २०२०, भीमजयंतीचा. टाळेबंदीमुळे देशभर मिरवणुका बंद होत्या. जामीन मिळून ते तळोजा तुरुंगाबाहेर आले तो २६ नोव्हेंबर २०२२, संविधान दिन. तारखा कोणी ठरवून निवडलेल्या नव्हत्या, तशाच पडल्या. २०२४ मध्ये त्यांचं ‘आयकॉनोक्लास्ट’ हे बाबासाहेबांचं जाडजूड इंग्रजी चरित्र आलं. देव्हाऱ्यातून उतरवून माणूस म्हणून तपासायचं, असा त्याचा पवित्रा. साहजिकच आंबेडकरी वर्तुळात त्यावर जोरात वाद झाले: नातजावयाला हा अधिकार कोणी दिला इथपासून, बाबासाहेब असते तर त्यांनीच हे आधी वाचलं असतं इथपर्यंत.